डोक्यावरून जाणारा अल्बम कसा ऐकायचा

परवा एक मित्र भेटला, म्हणाला अरे तू सांगितलेलं ते रेडिओहेड बँडचं 'किड ए' ऐकलं मी, काही झेपलं नाही बुवा, नुसते कसले कसले आवाज आहेत. कुठे ऐकलंस विचारलं तर म्हणे स्वारगेटवरून कात्रजला घरी जाताना, हेल्मेटच्या आत ब्लूटूथ लावून. संध्याकाळी साडेसहाला सातारा रोडवर, मागे पीएमटीचा हॉर्न आणि डोक्यात ऑफिस, अशात ऐकलेल्या अल्बमबद्दल काय मत होणार सांगा. त्यालाच तिथे टपरीवर उभ्या उभ्या जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, की हे प्रायोगिक रॉक वगैरे ऐकायचं कसं, सुरुवात कुठून करायची, आणि आपल्याला ते कळत नाही म्हणजे आपल्यातच काही कमी आहे का.

तर कमी वगैरे काही नाही. उलट मला मनापासून वाटतं की ज्याने एकदा तरी सवाईला मांडी घालून तासभराचा ख्याल ऐकलाय त्याला हे संगीत झेपायलाच पाहिजे, कारण तिथे आपण पहिली वीस मिनिटं काही घडावं अशी अपेक्षाच ठेवत नाही, गवई सुरावर थांबला तर आपणही थांबतो. पण रॉक म्हटलं की आपण चार मिनिटांत मुखडा शोधायला लागतो आणि तो मिळाला नाही की पुढचं गाणं. माझी पद्धत आहे ती चार बैठकांची, एक अल्बम चार वेळा, शक्यतो दोन-तीन दिवसांच्या अंतराने, आणि प्रत्येक वेळी ऐकायचं काहीतरी वेगळं. चार झाल्यावर मत बनवा, त्याआधी नको. पुढे प्रत्येक बैठकीला मी वेगळा अल्बम घेतलाय तो फक्त उदाहरणादाखल, तुम्ही चारही वेळा एकच ऐकायचा.

आधी फोनचं बघा, हे कंटाळवाणं आहे पण याच्यामुळे निम्मे अल्बम मरतात. शफल बंद. क्रॉसफेड बंद, म्हणजे एक गाणं संपताना दुसरं त्याच्यावर चढतं ते. गॅपलेस नावाचं सेटिंग असेल तर ते मात्र चालू, कारण पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' घेतलं तर त्यात गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, मध्ये अर्धा सेकंद जरी शांतता आली तरी धागा तुटतो. आवाज सगळीकडे सारखा करणारं सेटिंग असतं तेही बंद करा, हळू भाग हळूच राहिला पाहिजे. आणि ब्लूटूथपेक्षा साधा वायरवाला इअरफोन बरा, फार महागडा लागत नाही, दोन्ही कानांत नीट बसला आणि बाहेरचा आवाज थोडा अडला की पुरे.

आणि एक, अल्बमची कुठली आवृत्ती लावताय ते बघा. हल्ली जुन्या अल्बमच्या शेवटी आठ-दहा बोनस ट्रॅक जोडलेले असतात, डेमो, लाइव्ह, काय काय. पहिल्यांदा ऐकताना ते नकोच, कारण बनवणाऱ्याने शेवट जिथे केलाय तिथेच तो व्हायला हवा. जुन्या अल्बमच्या बाबतीत एलपीची बाजू कुठे बदलते ते पण माहीत करून घ्या, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची त्यामुळे अल्बमची रचनाच दोन अंकी नाटकासारखी असायची. डेव्हिड बोवीचं १९७७ चं 'लो' घ्या, पहिल्या बाजूला सात छोटी छोटी तुकड्यासारखी गाणी, आणि दुसऱ्या बाजूला चारच रचना, जवळजवळ शब्दच नाहीत, सगळं धूसर आणि संथ. सलग ऐकलं तर वाटतं मध्येच गाडीतलं पेट्रोल संपलं. पण पहिली बाजू झाल्यावर उठा, पाणी प्या, खिडकीशी दोन मिनिटं उभे राहा आणि मग दुसरी लावा, तो दुसरा अंक एकदम उघडतो. मला स्वतःला दुसरीच बाजू जास्त आवडते.

वेळ आणि जागा. पुण्यात शांतता शोधावी लागते हे खरं. पेठेत राहणाऱ्यांना पहाटेचे पाच ते सहा किंवा दुपारी जेवणानंतरचे दोन तास, एवढंच मिळतं. गणपतीच्या दहा दिवसांत नवा अल्बम हातात घेऊच नका, भिंती थरथरत असतात. पावसाळ्याचं मात्र वेगळं आहे, आमच्या गॅलरीवर पत्रा आहे त्यामुळे जुलैमध्ये हळू संगीत ऐकताच येत नाही, पण माय ब्लडी व्हॅलेंटाइनचं 'लव्हलेस' पत्र्यावरच्या पावसासोबत जे काय लागतं ना! १९९१ चा अल्बम आहे, गिटारचे थरावर थर, त्यांचा केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो आर्म, म्हणजे सूर वरखाली करणारा दांडा, हातात धरून ठेवूनच वाजवतो त्यामुळे सूर सारखा हेलकावत असतो, आणि गाणारी माणसं भिंतीपलीकडे असल्यासारखी. शब्द कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. हा हळू आवाजात ऐकला तर फिका वाटतो, थोडा मोठाच लावायचा, अर्थात कान दुखेपर्यंत नाही.

आता पहिली बैठक. यात काहीही करायचं नाही. शब्द वाचायचे नाहीत, कुणाचं परीक्षण वाचायचं नाही, आवडलं की नाही हा प्रश्न पण विचारायचा नाही, फक्त शेवटपर्यंत बसायचं. फोन उपडा करून लांब ठेवा. यासाठी मी नेहमी टॉक टॉक या बँडचं 'स्पिरिट ऑफ ईडन' देतो, १९८८ चं, सहा गाणी, चाळीस-एक मिनिटं. ही मंडळी आधी पॉप हिट देणारी, आणि मग त्यांनी लंडनच्या स्टुडिओत जवळजवळ अंधार करून, भिंतीवर तेलाच्या प्रोजेक्टरचे रंग सोडून, एकेका वादकाला बोलावलं, तासन् तास वाजवून घेतलं आणि त्यातले मोजके तुकडे ठेवले. मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते पहाटे, दूधवाला यायच्या आधी. सुरुवातीला दोन-अडीच मिनिटं काही घडतच नाही, लांबून कुठेतरी ट्रम्पेट, थोडी तारवाद्यं, मग गिटार एकदाच झणकते, आणि त्यानंतर एक हार्मोनिका येते, फाटलेल्या आवाजाची, जवळजवळ ओरडणारी. मी उठून बसलो होतो. आदल्याच आठवड्यात तीच हार्मोनिका मी बसमध्ये ऐकली होती आणि लक्षातसुद्धा आली नव्हती, कारण तिच्या आधीची शांतता इंजिनाच्या आवाजाने खाल्ली होती. पहिली तीन गाणी एकमेकांना जोडलेली आहेत, ती एकच समजून ऐका.

दुसऱ्या बैठकीत एकच वाद्य पकडायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. बाकी सगळं कानावरून जाऊ दे. यासाठी कॅन हा जर्मन बँड सगळ्यात उत्तम, त्यांचं १९७१ चं 'टागो मागो', त्यात 'हालेलुवा' नावाची रचना आहे साडेअठरा मिनिटांची. ड्रम्सवर याकी लीबेत्साइट. हा माणूस काय करतो, तर एक ठेका धरतो आणि तो सोडत नाही. ख्यालाला साथ करणारा तबलजी कसा स्वतः मिरवत नाही, ठेका तोलून धरतो आणि सगळी मैफल त्याच्यावर उभी असते, अगदी तेच. तुम्ही फक्त त्याच्या मागे जा, पाच-सहा मिनिटांनी लक्षात येतं की तो तेच वाजवत नाहीये, बारीक बारीक बदल चाललेत, कुठे एक ठोका कमी, कुठे जरा रेंगाळलेला. ही मंडळी तासन् तास सोबत वाजवायची, सगळं टेपवर घ्यायची, आणि बेसवाला होल्गर चुकाय, जो श्टोकहाउसेन या जर्मन संगीतकाराकडे शिकलेला, तो नंतर टेप कापून जोडून त्यातून रचना काढायचा. म्हणजे मैफल आणि संपादन दोन्ही. त्याच अल्बमचा उत्तरार्ध मात्र फार अवघड आहे, नुसते आवाज, किंकाळ्या, तो पहिल्या महिन्यात सोडून दिलात तरी माझी हरकत नाही.

कॅन आवडले तर नॉय या दुसऱ्या जर्मन बँडचा १९७२ चा पहिला अल्बम घ्या, 'हालोगालो' ही पहिलीच रचना, दहा मिनिटं, सरळ रेषेत जाणारा ठेका. याला मोटोरिक म्हणतात आणि तो खरंच रस्त्यावर कळतो. आणि क्राफ्टवर्कचं १९७४ चं 'आउटोबान', ते तर हायवेवरच आहे, शीर्षक रचना बावीस मिनिटांच्या वर. मुंबईला जाताना एक्सप्रेस वेवर उर्से टोलनाका ओलांडला की गाडीच्या स्पीकरवर लावा, ट्रॅफिक नसेल तर डोंगर जवळ यायच्या सुमाराला संपतं. हा एकच प्रकार मी प्रवासात ऐकायला सांगेन. गाडी चालवणाऱ्याने इअरफोन घालू नये हे वेगळं सांगायला नको.

तिसरी बैठक मात्रा मोजायची. ही आमच्या घरातली गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमचे बाबा म्हणजे भीमसेन, कुमार, वसंतराव, याच्या पलीकडे काही नाही, सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हापासून जाणारे. एका रविवारी मी हॉलमध्ये स्पीकरवर 'डार्क साइड' लावलं होतं आणि ते पेपर वाचत होते. 'मनी' सुरू झालं, ते नाणी आणि गल्ल्याच्या आवाजाचं, तेच आवाज टेपवर कापून ठेक्यात फिरवलेत. थोड्या वेळाने बघतो तर पेपर तसाच, पण उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर चालू. म्हणाले, "सात मात्रा आहेत रे." मी खूश होऊन म्हटलं म्हणजे रूपकच की. तर म्हणाले, "नाही, रूपकात पहिलीवर खाली असते, हा तर पहिलीवरच दणका देतोय." मग सॅक्सोफोन झाला, गिटार सुरू झाली आणि त्यांनी मान वर केली, "आता चारात गेला." आणि खरंच तसं आहे, सॅक्सोफोनपर्यंत सात आणि गिटारच्या सोलोला सरळ चार मात्रा, म्हणून तिथे गाणं एकदम सुटून पळायला लागल्यासारखं वाटतं. मी ते गाणं शंभरदा तरी ऐकलं असेल, तो सुटल्याचा भास रोज व्हायचा पण का होतो ते मला त्या दिवशी कळलं.

तर बोटांच्या पेरांवर अंगठ्याने मोजा, आपल्याला लहानपणापासून सवय असते. ठेका कुठे परत पहिल्यावर येतो ते शोधा. 'किड ए' चं पहिलंच गाणं दहांत मोजता येतं, पण त्यात झपतालाचं दोन-तीन-दोन-तीन बसवायला जाऊ नका, वजन वेगळीकडे पडतं. टूल या बँडचं २००१ चं 'लॅटरलस' घेतलंत तर शीर्षकगीतात नऊ, आठ, सात असे आवर्तनागणिक उतरत जातात, दोन-तीनदा चुकाल, नंतर बसेल. सगळं मोजून काढायचं असं नाही, एका अल्बममधलं एक गाणं मोजलं तरी कान ताजे होतात.

चौथ्या बैठकीच्या आधी वाचायचं. मुद्दाम शेवटी, कारण आधी वाचलं की आपण गोष्ट ऐकतो, संगीत नाही. पण वाचल्यावर ऐकण्यात जी मजा आहे ती निराळीच. 'डार्क साइड'मध्ये ती बाई शब्दांशिवाय गाते ना, ती क्लेअर टॉरी, स्टुडिओत बोलावून तिला सांगितलं की शब्द नाहीत, गा, आणि त्या दिवसाचे तिला ३० पौंड मिळाले. पुढे कितीतरी वर्षांनी ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि रचनेवर तिचंही नाव लागलं. हे कळल्यावर तो आवाज परत ऐका. किंवा १९७५ चं 'विश यू वेअर हिअर', जे फ्लॉइडच्या जुन्या सोबत्याच्या, सिड बॅरेटच्या आठवणीने भरलेलं आहे, आणि त्याचं काम चालू असताना सिड स्वतः स्टुडिओत येऊन उभा राहिला, डोकं-भुवया भादरलेला, अंग सुटलेलं, आणि बराच वेळ कुणी त्याला ओळखलंच नाही. माझ्या मते 'विश यू'च मोठा अल्बम आहे, 'डार्क साइड'चं कौतुक जरा जास्त झालंय, आणि याच्यावर माझं बऱ्याच जणांशी वाजलेलं आहे.

आणि वाचता वाचता धागे कुठे कुठे जातात बघा. वेल्वेट अंडरग्राउंड या बँडच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममध्ये, तो केळ्याच्या चित्राचा, 'व्हीनस इन फर्ज' ऐका, जॉन केलचा व्हायोला एकच सूर धरून घासत राहतो आणि गिटारच्या सगळ्या तारा एकाच सुरात लावलेल्या आहेत. आमच्या आत्याने दारातून ऐकून विचारलं होतं, तंबोरा बिघडलाय का कुणाचा. चुकीचं नाही ते. केल त्याआधी ला मॉन्टे यंग या अमेरिकन संगीतकाराच्या ग्रुपमध्ये असे लांब सूर धरायला शिकलेला, आणि हाच यंग पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा गंडाबंद शिष्य झाला, बरोबर टेरी रायली हा दुसरा संगीतकारसुद्धा. किराणा म्हणजे आपल्या भीमसेनजींचं घराणं. मग त्या टेरी रायलीचं नाव 'द हू' या बँडने १९७१ मध्ये 'बाबा ओरायली' या गाण्याला दिलं आणि त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा, जे १८९४ मध्ये इथे पुण्यात जन्मले, डेक्कन कॉलेजात शिकले. मी येरवड्याच्या बाजूने जाताना डेक्कन कॉलेजचं फाटक दिसलं की मला दर वेळी त्या गाण्याची सुरुवातीची गोल गोल फिरणारी ऑर्गन ऐकू येते.

क्रम विचाराल तर मी असा देईन, 'विश यू वेअर हिअर', मग 'किड ए', मग 'स्पिरिट ऑफ ईडन', मग 'लो', मग 'टागो मागो'ची पहिली एलपी. किंग क्रिमसन हा बँड पण आहेच, पण त्यांचा १९६९ चा तो मुखपृष्ठावर किंचाळणारा चेहरा असलेला पहिला अल्बम सगळे सुचवतात त्याऐवजी मी १९७४ चा 'रेड' सांगेन, आटोपशीर, एकही जागा सैल नाही. पहिल्यात 'मूनचाइल्ड' आहे बारा मिनिटांचं, त्यातला बराच भाग नुसतं टिकटिक करत फिरतो, तिथे नवखा माणूस उठून जातो. या पहिल्या अल्बमचं नवं मिक्सिंग, म्हणजे वाद्यांचे आवाज पुन्हा नव्याने जुळवणं, स्टीव्हन विल्सनने केलंय, तो २०१६ ला पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेला, जुनं आणि नवं मिक्स लागोपाठ ऐकलंत तर ड्रम्स किती जवळ आलेत ते कळेल.

कॅप्टन बीफहार्टचं 'ट्राउट मास्क रेप्लिका' सगळ्यात शेवटी. १९६९, निर्माता फ्रँक झॅपा, २८ ट्रॅक. पहिल्यांदा वाटतं पाच माणसं पाच खोल्यांत वेगवेगळी गाणी वाजवतायत. पण ते आपोआप घडलेलं नाही, लॉस एंजेलिसमध्ये एका घरात कोंडून घेतल्यासारखं महिनोन् महिने तालीम केली त्या पोरांनी, इतकी की स्टुडिओत गेल्यावर बहुतेक वाजवणं साधारण सहा तासांत झालं. म्हणून हा सलग ऐकू नका, चार बाजू आहेत तर चार दिवस घ्या, आणि इथे नियम मोडून आधी वाचलंत तरी चालेल, तालमीचं माहीत असलं की कान शोधायला लागतो. मला पाचव्या वेळी लागला, आणि आता त्यातली काही गाणी मी गुणगुणतो. लू रीडचं 'मेटल मशीन म्युझिक' मात्र मी कुणाला देणार नाही, एका बाजूला साधारण सोळा मिनिटं अशा चार बाजू फक्त फीडबॅक, म्हणजे गिटार स्पीकरसमोर धरली की येते ती किंचाळी, दोनदा पूर्ण बसलो, मला त्यात काही सापडलं नाही आणि दुसऱ्यांदा डोकंही दुखलं. असं एखाद्या अल्बमचं झालं तर खुशाल सोडा, सहा महिन्यांनी एकदा परत लावून बघा आणि तरीही नाही तर नाही.

एलपीवर ऐकायची हौस असेल तर जुन्या बाजारात बुधवार-रविवार चक्कर मारा, सकाळी लवकर. रेकॉर्ड पाकिटातून बाहेर काढूनच घ्या, लेबल वाचा. मी एकदा एका दुकानातून घाईत फ्लॉइड उचललं, घरी येऊन बघतो तर आत भलतीच रेकॉर्ड, परत गेलो तर दुकानदार ऐकायला तयार नाही. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरायची, वरवरच्या केसासारख्या रेषा चालतात, पण नख अडकेल असा ओरखडा असेल तर सुई उडणारच. आणि वाकलेली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

तो 'किड ए'वाला मित्र मागच्या रविवारी दुपारी आला खोलीवर. पंखा एकवर, फोन बाहेर शू-रॅकवर. ५० मिनिटं आहेत साधारण, मी त्याला काही बोललो नाही. 'नॅशनल अँथम'ला जेव्हा ती सगळी ब्रासवाली, म्हणजे पितळी वाद्यांची मंडळी एकमेकांच्या अंगावर धावून येतात तेव्हा तो हसला, एवढंच. शेवटचं गाणं झालं, आवाज विरला आणि त्याने हेडफोन काढायला हात वर नेला. मी त्याचा हात धरून ठेवला, मानेनेच थांब म्हटलं. ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवलेलं होतं, ते तुम्हीही करा, नाहीतर इथेच अ‍ॅप कुठलंतरी भलतंच गाणं सुरू करतं. एक मिनिट काहीच नाही, पंखा, खाली कुणाची तरी बादली, आणि मग तो शेवटचा लपवलेला तुकडा आला, पाऊण-एक मिनिटाचा, आणि त्याने डोळे मिटून घेतले.